एकवीस पाण्यांचं लोणी

"हे कळकलंय," अप्पा दारातूनच म्हणाले. "टाकून दे."

दोन्ही हात मनगटापर्यंत लोण्यात, अशा अवस्थेत मी मान वर केली. माझे सासरे दोन वर्षांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फिरकले नव्हते. आले ते हे सांगायला.

"कळकेल कसं? तास-दीड तास तर झालाय लिंबू पिळून."

"बाहेरच्या खोलीत वास आला मला. परात कुठली घेतलीस?"

"औषधखोलीतली. मोठी होती म्हणून. पण चिंच लावून लख्ख घासून घेतलीय हं मी."

अप्पांनी डोळे मिटले. "बिनकल्हईच्या तांब्यात लिंबू," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि तेही वैद्याच्या घरात."

मी खाली पाहिलं. क्रीमच्या कडेनं, जिथे रस साचला होता तिथे, हिरवट रेघ उमटली होती. बोटावर घेऊन हुंगलं तर जुन्या पैशाला येतो तसला वास. दीड किलो लोणी, त्याच्या वर साखर, बारा लिंबं, सगळं गेलं. आणि पाच वाजता गाव येणार होतं.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. माझं लग्न होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी नाशिकची. लग्नाआधी वीस दिवसांचा केकचा क्लास केलेला, तेवढ्या भांडवलावर श्रीगोंद्यापासून आठ मैलांवरच्या या गावात मी स्वतःला मोठी केकवाली समजत होते. गावात दुसरी कुणी नसल्यामुळे माझं म्हणणं खोडायलाही कुणी नव्हतं. त्या दिवशी अप्पांना पंचाहत्तर पूर्ण होत होती. गावकऱ्यांनी घरी येऊन सत्कार करायचं ठरवलं होतं, आणि केक मी करणार हे मीच जाहीर करून बसले होते. बिनअंड्याचा, तीन थरांचा, वरून लिंबाचं बटरक्रीम. आमच्या भागात लिंबाच्या बागाच बागा. अप्पांच्या औषधांत लिंबू, मग केकमध्येही लिंबू हवं, असा माझा हट्ट.

केक आदल्या दिवशीच भाजून झाला होता. क्रीम सकाळी करायला घेतलं आणि दहा वाजता वीज गेली. बीटर बंद. म्हणून हातानं फेटायला मोठी परात शोधली, रस ओतला, मध्येच जेवणाची पानं वाढायला उठले आणि परत येते तो हे असं.

माझ्या रडण्याकडे अप्पांचं लक्ष नव्हतं. ते शालीत दोन्ही हात गुंडाळून परातीकडे बघत उभे होते. ती शाल आमच्या घरातलं गुपित होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, मग डावाही. त्यांनी एका सकाळी दवाखान्याची पाटी काढली ती कायमची, आणि विचारायला येईल त्याला आतूनच सांगायला लागले, "आता पुरे झालं." गावाला वाटलं, म्हाताऱ्याला कंटाळा आला. कुणाला वाटलं, मुलगा नोकरीला लागला तशी मिजास आली. खरं काय ते आम्हा तिघांनाच माहीत, आणि ते बाहेर जाता कामा नये अशी अप्पांची सक्त ताकीद होती. वैद्याचाच हात हलतो हे गावानं बघितलेलं त्यांना सोसवणार नव्हतं.

त्याच सकाळी त्यांनी श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "संध्याकाळी मी बाहेर येणार नाही. खुर्चीवर माझा फोटो ठेवा. हार घालायला तेच सोयीचं." श्रीकांत कपाळाला हात लावून खुर्च्या आणायला गेला होता. मी मनाशी म्हटलं होतं, केक असा करीन, की वासानं बाहेर येतील. तर वासानं ते आले खरे.

"लोणी आणखी आहे?" अप्पांनी विचारलं.

"नाही. सगुणाबाईंनी आणलेलं सगळं घातलं."

सगुणाबाईंचं नाव ऐकताच ते मागल्या पावली आत गेले.

सगुणाबाई मळ्यात राहायची. दर गुरुवारी मागच्या दारी लोणी आणायची. माझ्याशी गप्पा मारायची, जाताना कढीपत्ता, लिंबं काहीबाही ठेवून जायची, पण कितीही ऊन असो, घरात पाऊल टाकायची नाही. पुढच्या ओट्यावरून तर जायचीच नाही. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा कोंडिबा गेला तेव्हापासून हे असं होतं. तिचा अप्पांवर राग आहे एवढं मला कळत होतं. कशाचा, ते ती बोलत नव्हती.

दुपारी दीडच्या सुमाराला ती रिकामी किटली न्यायला आली. माझे डोळे बघून पायरीवरच थांबली.

"काय झालं वो वैनी?"

"सगुणाबाई, लोणी आणखी मिळेल का? किलोभर. आत्ता लगेच."

"आनखी? सकाळीच तर दीड किलो घातलं. येवढं खाल्लं कुनी?"

मी परात दाखवली. तिनं वास घेऊन तोंड वाकडं केलं. "आगाई! तांब्यात आंबट? आमची बारकी नातबी आसं करनार न्हाई." मग तिला माझी दया आली. "हाय घरात. तुपासाठी ठिवलंय. पर येवढं काय हाय आज?"

"अप्पांचा सत्कार आहे ना. त्यांच्या केकसाठी."

तिचा चेहरा बघता बघता कठोर झाला. तिनं किटली उचलली. "मंग न्हाई मिळायचं."

"सगुणाबाई..."

"तुमच्यासाठी म्हनला आसता तर दिलं आसतं. सकाळी म्या इचारलं न्हाई, माजं चुकलं."

माझाही पारा चढला. घाबरलेली होते, आणि घाबरले की मी भांडते. "एवढा कसला राग आहे, ते सांगा तरी एकदा! दोन वर्षं बघतेय मी. तुमचे मालक आले तेव्हा अप्पांनी नगरला न्या म्हणून सांगितलं. बरोबरच सांगितलं ना? छातीचं दुखणं, इथे काय होणार होतं?"

"बरूबरच सांगितलं." ती शांतपणे म्हणाली, त्यानं मी जास्तच चपापले. "म्या कुटं न्हाई म्हनते? पर वैनी, चाळीस वर्सं आमच्या घरातल्या समद्यांच्या नाड्या धरल्या त्यांनी. आन् त्या दिशी मालक जीपमधी छाती धरून बसलेले, म्या वटा चढून आले, तर ह्यांनी आतूनच सांगितलं. भाईर आले न्हाईत. हात लावला न्हाई."

"पण..."

"मालक काय म्हनले ठावं हाय? माज्या मांडीवर डोकं व्हतं. म्हनले, सगुने, अप्पानं हात लावला न्हाई. आता आपलं काय खरं न्हाई." ती किटलीच्या झाकणाकडे बघत बोलत होती. "नगरचा डागदर म्हनायचा, बाबा, औशीद लागू पडतंय, जेवा. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. धा दिस. दवाखान्यानं जगवलं आसतं का न्हाई, ती देवाला ठावं. पर त्यांनी जगायचंच सोडलं वैनी."

मी शहरातली असले तरी तीन वर्षांत एवढं मला ठाऊक झालं होतं. आमच्याकडे वैद्य नाडीला हात न लावता उठला, की त्यानं उत्तर दिलं, म्हणजे आशा सोडली, असं समजतात. मग घरचे रडायला लागतात आणि रोगी आवराआवर करायला.

"सगुणा."

अप्पा माझ्या मागे उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. चेहरा पांढराफटक. ते तीन पायऱ्या उतरून अंगणात आले, तिच्यापासून दोन हातांवर थांबले आणि त्यांनी शाल खाली टाकली.

दोन्ही हात त्यांनी तिच्यासमोर धरले. उन्हात ते स्पष्ट हलत होते. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर घासत होता, जणू अप्पा अजून औषधाची गोळी वळत होते.

"त्या दिवशीही हे असेच होते," अप्पा म्हणाले. "नाडीवर बोट स्थिर लागतं. कोंडिबाची नाडी धरली असती, तर मला माझीच थरथर लागली असती, आणि ती मी त्याची म्हणून सांगितली असती. म्हणून बाहेर आलो नाही."

"मंग तसं सांगायचं व्हतं."

"हो," अप्पा म्हणाले. "सांगायचं होतं. मला लाज वाटली."

एवढंच. पुढे एक शब्द नाही, सबब नाही. या माणसासमोर मी तोवर वचकून वागत होते. पंचाहत्तर वर्षांचा, पंचक्रोशीनं पाया पडावा असा माणूस लोणी घालणाऱ्या बाईसमोर उघड्या हातांनी उभा राहून लाज वाटली म्हणत होता. तितका मोठा माणूस मी नंतरही पाहिला नाही.

सगुणाबाई बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिली. मग पदर डोक्यावर ओढून किटली घेऊन निघून गेली.

अप्पा पायरीवर बसले. मी शाल उचलून दिली, ती त्यांनी घेतली नाही. केकचं आता माझ्या मनातून पूर्ण गेलं होतं. साखर भुरभुरवून देऊ लोकांना, असं म्हणत मी ती हिरवी परात धुवायला घेतली.

पाऊण तासानं फाटक वाजलं. सगुणाबाईनं भरलेली किटली पायरीवर आदळली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पायऱ्या चढून स्वयंपाकघरात आली.

"किलोच्या वर हाय, आन् लिंबंबी आनलीत," ती म्हणाली. "साखर दळायची आसंल ना? मिक्सर तर बंद. खल कुटं हाय?"

मग जे झालं ते मी क्लासमध्ये शिकले नव्हते. मी घासलेली तांब्याची परात अप्पांनी पुन्हा मांडायला लावली. मी बिचकले तर म्हणाले, "तांबं पाण्याला घाबरत नाही, आंबटाला घाबरतं." विहिरीचं गार पाणी आणवलं, बाह्या सारल्या आणि लोण्याचा गोळा परातीत घेतला.

"तुझं क्रीम कळकलं नसतं तरी फुटलंच असतं," ते म्हणाले. "लोण्यात ताक राहिलंय. ते आधी काढायचं."

तळहाताच्या टाचेनं लोणी दाबत, पसरवत, गोळा करत त्यांचा हात परातीत गोल फिरू लागला. पाणी पांढरं झालं की ओतून द्यायचं, नवं घ्यायचं. त्यांनी आयुष्यभर शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप केलं होतं. भाजलेल्या कातडीवर लावायचं ते औषध, साध्या तुपाचं धुता धुता पांढरंशुभ्र मलम होतं. गावातल्या निम्म्या बायकांच्या हातांवर कधी ना कधी ते लागलं होतं.

"यालाही शंभर पाणी?" मी घाबरून विचारलं. तीन वाजत आले होते.

"एकवीस पुरेत. मोज."

मी मोजत होते आणि बघत होते. पाचव्या-सहाव्या पाण्याला माझ्या लक्षात आलं. हात हलत नव्हता. म्हणजे फिरत होता, पण थरथर नव्हती. मी न राहवून म्हटलं, "अप्पा, हात..."

"कामात असला की शहाण्यासारखा वागतो," ते मान वर न करता म्हणाले. "रिकामा ठेवला की हलतो. आणि नाडी बघायची तर हात रिकामाच ठेवावा लागतो. तीन बोटं टेकायची, आणि काही करायचं नाही."

कोपऱ्यात सगुणाबाईचा खल ठणठण वाजत होता. तो एकदम थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

साखर अप्पांनी औषधांच्या जुन्या मलमलीतून गाळायला लावली. माझी चाळणी बघून हसले. फडक्यातून उतरलेली ती साखर बोटांत धरली तरी कळत नव्हती. लिंबं मी पिळायला घेतली तर त्यांनी हात धरला. "रस नुसता आंबट असतो. वास सालीत आहे. वरची पिवळी तेवढी किसून साखरेत चोळ. पांढरं घेऊ नकोस, कडू होईल." मी चोळू लागले आणि साखर ओलसर पिवळी होत गेली. सगुणाबाई म्हणाली, "बागंत हिंडल्यावानी वास सुटला की!"

एकविसावं पाणी नितळ निघालं. लोणी निथळून, फडक्यानं टिपून स्टीलच्या परातीत घेतलं, ते अप्पांनी तीनदा बजावल्यावर. मग साखर मूठमूठ घालत अप्पांचा हात पुन्हा फिरायला लागला. किलोभर लोणी बघता बघता दुप्पट झालं. हलकं, पांढरं, हात वर उचलला तर टोक उभं राहील असं. अगदी शेवटी लिंबाचा रस, तोही थेंब मोजून. मी चाखलं. जिभेवर ठेवलं तसं विरघळलं, आधी गोड, मग लिंबाच्या सालीचा तो टवटवीत वास, आणि सर्वांत शेवटी किंचित आंबट. मी मशीनवर आजपर्यंत शेकड्यांनी केक केले असतील, तसं क्रीम मला एकदाही साधलं नाही.

"बरं झालंय?" अप्पांनी विचारलं. हात बाहेर काढला होता, आणि तो पुन्हा हलू लागला होता.

"अप्पा, तुम्ही संध्याकाळी बाहेर या," मी म्हटलं. "फोटोला केक कापता येणार नाही."

ते हात धुवायला गेले.

पाचला ओटा, बैठक, अंगण सगळं भरलं. श्रीकांत माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. खुर्चीवर फोटो ठेवायची वेळ आली तेव्हा आतून अप्पा आले. स्वच्छ धोतर, कोट, टोपी. शाल नव्हती. हात त्यांनी पाठीमागे धरले होते. सरपंचांनी हार घातला, मास्तर बोलले, कुणी श्रीफळ पुढे केलं ते श्रीकांतनं चटकन घेतलं. मग मी केक ठेवला आणि सुरी पुढे केली.

अप्पांनी सुरी घेतली. ती क्रीमच्या वर नेऊन थांबवली, तशी ती थरथरायला लागली. आधी पुढच्या रांगेनं पाहिलं, मग मागच्यांनी. सरपंच त्यांचा हात धरायला पुढे झाले, तर अप्पांनी मानेनं नको म्हटलं आणि सुरी खाली ठेवली.

"हे दोन वर्षं चाललंय," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. "म्हणून मी नाडी सोडली. कंटाळा नाही, मिजास नाही. हात चालत नाही. या दोन वर्षांत ज्यांना मी हात न लावता परत पाठवलं, त्यांनी काही वेगळं समजू नये. तुमच्यात खोट नव्हती. माझ्यात होती. हे त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. माझ्यानं झालं नाही, आणि त्यापायी एका घराला फार सोसावं लागलं."

मला वाटलं, आता कुणीतरी सांत्वनाचं काहीतरी बोलेल आणि सगळं वाया जाईल.

बायकांच्या घोळक्यातून सगुणाबाई उठली. अंगण ओलांडून ती पुढे आली, पुढच्या ओट्याच्या पायऱ्या चढली आणि अप्पांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. बायकांची नाडी डाव्या हाताची बघतात. तिनं बांगड्या वर सारल्या आणि डावा हात पुढे केला.

"बघा," ती म्हणाली.

अप्पा तिच्याकडे बघतच राहिले. "मला लागणार नाही गं, सगुणा."

"न लागू द्या. हात तर लावा."

अप्पा खुर्चीत बसले. पुढे वाकले. तीन बोटं त्यांनी तिच्या मनगटावर टेकली आणि बोटांबरोबर तिच्या बांगड्याही बारीक वाजायला लागल्या. सगुणाबाईनं दुसरा हात त्यांच्या बोटांवर ठेवला आणि दाबून धरला. बांगड्या थांबल्या.

केक नंतर श्रीकांतनं कापला. सगुणाबाईनं दोन तुकडे खाल्ले आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "लोनी माजं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी दवाखान्याची पाटी पुन्हा लावून घेतली. पुढची नऊ वर्षं ते तिथे रोज बसले. आलेल्याला आधी सांगायचे, "मला नाडी कळत नाही हं आता." मग त्याचा हात हातात घ्यायचे, सगळं ऐकून घ्यायचे, आणि नगरला कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते चिठ्ठीवर माझ्याकडून लिहून घ्यायचे. त्या नऊ वर्षांत आमच्या ओट्यावरून हात न लावता एकही माणूस परत गेला नाही.